दुधी काच पलटत नाही

...आणि म्हणून मी काल म्हणत होतो, काच कापणाऱ्याशी बोलू नये. तिथेच तुम्हाला जांभया यायला लागल्या म्हणून मी थांबलो. आता आज पुढचं ऐका.

तर काचवाला टेबलावर ओणवा झाला होता. डाव्या पंजाखाली लाकडी पट्टी दाबलेली, उजव्या हातात हिरकणी, म्हणजे काच कापायचं ते पेन्सिलीएवढं हत्यार, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेलं. आणि नेमका त्याच वेळी मी तोंड उघडलं, "अरे, तुला ती गंमत सांगितली का..." झालं! रेघ अर्ध्यात अडखळली. त्यानं हिरकणी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी ज्या खोक्यावर बसलो होतो तेही मनातल्या मनात चुकचुकलं असेल.

"गप्पीदास," तो म्हणाला, "देवानं जिभेला हाड दिलं नाही, त्याबद्दल तो तुझ्याकडे बघूनच पस्तावला असेल."

"हाड असतं तर तू इथे एकटा बसला असतास," मी म्हटलं.

तो हसला नाही. बोलायला तसा तो तिखट, पण एकटेपणाचा विषय निघाला की काचेवरची धूळ पुसायला घ्यायचा. काच स्वच्छ असली तरी.

त्याचं म्हणणं असं, की कापणं डोळ्यानं होत नाही, कानानं होतं. हिरकणी बरोबर चालली तर रेशमी कापड एका दमात फाडावं तसा एक लांब, सलग आवाज येतो. मध्ये आवाज तुटला तर काच तिथेच दगा देणार. मग काच टेबलाच्या कडेवर आणायची, खालून एक हलका ठोका, टक्, आणि एकाच्या दोन. मी माणसं खूप पाहिली, सुतार पाहिले, गवंडी पाहिले, पण आपलं काम असं कान देऊन ऐकणारा हा एकच.

दुकान रस्त्याच्या वळणावर होतं, बोळकांडीसारखं लांबट. भिंतीला टेकून काचा उभ्या. साध्या, नक्षीच्या, आणि मागे वेगळ्या ठेवलेल्या दुधी काचा, ज्यातून उजेड येतो पण माणूस दिसत नाही. न्हाणीघराला लावतात ना, त्या. दुधी काचेची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरबरीत. हे ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडणार आहे.

दुकानाच्या वर दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर गेलं तर एक खुर्ची, एक कप खिळ्याला टांगलेला, आणि रेडिओ सतत चालू. मी एकदा विचारलं, "ऐकतोस काय एवढं?" तर म्हणाला, "ऐकत नाही. कुणीतरी बोलत असलं म्हणजे बरं." सगळी दुनिया त्याला काचवाला म्हणायची. गिऱ्हाईक म्हणायचं, शेजारी म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याला 'दादा' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्याची धाकटी बहीण. ती दूरच्या गावात, तीही एकटी. नवरा गेलेला, मुलं आपापल्या पोटामागे पांगलेली.

तिचा फोन रविवारी दुपारी यायचा. दुकान बंद, पण मी आपला हजर, कारण आमच्या घरी सुनेनं रविवारी झाडझूड काढलेली असते आणि मी तिच्या मते त्यात मोडतो. फोन दुकानातच, भिंतीला. धाकटीचा आवाज इतका खणखणीत, की खोक्यावर बसून मला सगळं ऐकू यायचं. तो फोन मात्र असा:

"दादा, कसा आहेस?"

"बरा आहे. तू?"

"बरी. जेवलास?"

"हो."

"बरं मग."

"बरं."

चहाचं आधण उकळायच्या आत खलास! आणि मग हा बाबा ठेवलेल्या फोनवर हात तसाच ठेवून उभा राहायचा. आठवडाभर वाट बघायची आणि हातात आलं की दोघांनाही बोलायला काही सुचायचं नाही. विहिरीपर्यंत जायचं आणि घागर घरी विसरायची, तशातली गत.

मग एका रविवारी धाकटीनं बॉम्बच टाकला.

"दादा, मी शाळेची परीक्षा देतेय."

"कसली शाळा? तुझी नातवंडं जातात त्या शाळेची?"

"हो, तीच. राहून गेली होती ना माझी. मोठ्या बायकांचा वर्ग असतो इथे. बाकी सगळं जमतंय रे, भूमितीनं जीव काढलाय. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणे पाया गुणिले उंची, भागिले दोन. दोन कशाला? मी सरांना विचारलं तर म्हणतात पाठ करा. तू जन्मभर काचा कापतोस, तू सांग."

काय सांगू तुम्हाला! त्या माणसाच्या पाठीचा कणा ताठ झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी हे विचारत होतं.

"हाताशी कागद आहे का?" तो म्हणाला. "लांबट चौकोनी. काटकोनातला, तिरपागडा नको. कात्री घे. आता वरच्या कडेवर कुठेही एक टिंब दे."

"कुठेही म्हणजे कुठे?"

"कुठेही म्हणजे कुठेही! मधोमध दे, कोपऱ्याकडे दे, तुझी मर्जी. त्या टिंबापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना सरळ रेघा मार. मधे मोठा त्रिकोण झाला?"

"झाला."

"बाजूला दोन तुकडे उरले?"

"उरले."

"काप. आता ते दोन तुकडे त्रिकोणावर मांड. नुसते फिरवून मांड, पलटू नकोस."

फोनमध्ये कात्रीचा आवाज, मग कागदाची खसफस. आणि मग धाकटी ओरडली, "अगंबाई! तंतोतंत बसले!"

"बसणारच. जेवढा त्रिकोण, तेवढीच कतरण. म्हणून चौकोनाचं निम्मं. म्हणून तुझं ते भागिले दोन."

मी खोक्यावर उडालो. आमच्या शाळेत मास्तर अंगणात खुंट्या ठोकून त्यांना सुतळी बांधायचे आणि भूमिती शिकवायचे. सुतळीत पाय अडकून मी एकदा अख्खा षटकोन घेऊन पडलो होतो, ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा सांगेन. पण हे भागिले दोनचं कोडं मला त्या दिवशी त्या दुकानात सुटलं. आणि आधण? आधण उकळून, आटून, भांडं करपलं. फोन चालूच.

तेव्हापासून रविवारचं रूपच पालटलं. धाकटी गणित वाचायची, हा रद्दीच्या कागदावर आकृती काढायचा. तिनं एकदा एकरूप त्रिकोणांच्या कसोट्या म्हणून दाखवल्या. तीन बाजू सारख्या ती बाबाबा, दोन बाजू आणि मधला कोन ती बाकोबा, दोन कोन आणि मधली बाजू ती कोबाको. हा म्हणाला, "ही भूमिती आहे का कोंबड्यांचं खुराडं?" तिकडे ती खिदळली, इकडे हा. मी त्याला खिदळताना तोवर पाहिलं नव्हतं. पुढच्या दाताशेजारचा एक दात नाही, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

आठवडाभर तो तयारी करायचा. गिऱ्हाइकाची खिडकी मापताना मध्येच थांबून म्हणायचा, "ह्याचा कर्ण काढला तर दोन एकरूप त्रिकोण पडतात, माहीत आहे का?" गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, काच कधी मिळेल?" शनिवारी त्याचं दाढी करणं सुरू झालं. फोनवर दाढी दिसत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाला, "मला दिसते."

पण सुखाला नजर लागते म्हणतात ना, तसं झालं.

धाकटीची सराव परीक्षा आली. त्याआधीच्या रविवारी तिनं विचारलं, "दादा, एक त्रिकोण आहे, घराच्या पाख्यासारखा. दोन तिरप्या बाजू सारख्या. वरच्या टोकापासून खाली सरळ लंब टाकलाय. तर हे डावं आणि उजवं अर्धं एकरूप का?"

तो म्हणाला, "नाही."

"नाही? अरे, बाजू तर सारख्या दिसतात."

"दिसू देत. एक डावा, एक उजवा. डाव्या जागी उजवा बसत नाही. कितीही फिरव, बसणार नाही. हे मला नको शिकवू, ह्यात मी हात कापून घेतलेत."

आणि ते खरंच होतं हो! तो शिकाऊ होता तेव्हा एका मोठ्या इमारतीचं काम आलं होतं. प्रत्येक दारावर पाख्यासारखी खिडकी, मधोमध उभी पट्टी, तिच्या डावीकडे एक त्रिकोणी काच, उजवीकडे एक. काच दुधी. ह्यानं एका पुठ्ठ्यावरून सगळे तुकडे कापले, एकसारखे, सुबक. लावायला गेले तर डावीकडचे बसले, आणि उजवीकडचे बसवायचे तर पलटावे लागत, म्हणजे खरबरीत बाजू बाहेर. बाहेर खरबरीत गेली की तिच्यात धूळ अशी भरते की निघता निघत नाही. अर्धा माल फुकट. वस्तादानं सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्याला दोन्ही हात डावेच आहेत." तेव्हापासून ह्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की डावं ते डावं आणि उजवं ते उजवं.

धाकटीनं दादाचं ऐकलं आणि पेपरात ठासून लिहिलं, एकरूप नाहीत. कारणही लिहिलं, डाव्या जागी उजवा बसत नाही.

पुढचा फोन रविवारची वाट न बघता मधल्याच दिवशी आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी होतो.

"दादा, सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. माझ्या पुढच्या बाकावरची म्हणते, 'मावशी, त्रिकोणाला काय चप्पल घालायचीय का, डावी-उजवी बघायला?'"

"हसू देत मूर्खांना. मी सांगतो ना, बसत नाही."

"बसतो! पलटला की बसतो! सरांनी कागद पलटून दाखवला."

"पलटायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"काच पलटता येत नाही धाकटे."

"माझी परीक्षा कागदावर आहे दादा! काचेवर नाही! तुझ्या डोक्यात काच भरलीय नुसती!" आणि खाडकन फोन बंद.

तो फोनवर हात ठेवून उभा राहिला. मग धूळ पुसायला घेतली.

त्या रविवारी फोन आला नाही. आधण उकळलं, चहा झाला, निवला. त्यानं दाढी केली होती. मी तीन गोष्टी सांगितल्या, एकीलाही त्यानं 'हं' म्हटलं नाही. पुढच्याही रविवारी तेच. मी म्हटलं, "मग तू कर की फोन. चावतो का तो?"

"ती लहान आहे. तिनं करावा."

"नातवंडांची आजी झाली ती, लहान कुठून?"

"माझ्याहून लहान आहे ती आहेच."

मला कळलं, मानाचं नुसतं निमित्त आहे. माणूस घाबरला होता. आपण केला आणि तिकडून पुन्हा 'बरा आहेस? बरं मग' एवढंच आलं तर? गणितं होती तोवर धागा होता. चुकीचं शिकवणाऱ्याला कोण कशाला विचारेल? वर रेडिओ लावलेला असायचा, आता तो एवढ्या मोठ्यानं लावायला लागला की रस्त्यावर ऐकू यायचा. एकदा मी वर गेलो तर दिसलं, खुर्ची खिडकीपासून हलवून जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवली होती. तिथून खालच्या फोनची घंटा नीट ऐकू येते म्हणून. आणि रेडिओ? रविवारी दुपार झाली की तो बंद करायचा. बाकी आठवडाभर आवाज, आणि नेमकी तेवढी दुपार सुनसान.

परीक्षा तोंडावर आली होती. मी न राहवून म्हटलं, "ते डावं-उजवं जाऊ दे. आमचे मास्तर सुतळीचा त्रिकोण उचलून, उलटा करून ठेवायचे आणि म्हणायचे, 'हा तोच आहे, नुसती कूस बदलली.' तुझ्या काचेला कूस बदलता येत नाही, मान्य. पण सगळ्याच काचेला का?"

तो उठला, भिंतीशी गेला. हात सवयीनं दुधी काचेकडे गेला आणि तिथे थांबला. मग त्यानं शेजारची काढली. साधी, आरपार दिसणारी. टेबलावर ठेवली. मी दोन्ही हातांनी माझंच तोंड धरून बसलो. रेशीम फाटल्यासारखा आवाज, टक्. पाख्यासारखा त्रिकोण. पुन्हा आवाज, टक्. मधोमध दोन. त्यानं उजवा तुकडा उचलला, पलटला आणि डाव्यावर ठेवला. कडेला कड, टोकाला टोक. वरून बघितलं तर एकच काच.

"कूस बदलली," मी म्हटलं.

पलटलेला तुकडा त्यानं उचलला, जरा फिरवून दुसऱ्याच्या तिरप्या कडेला लावला, तर दोघांचा मिळून झाला सरळ चौकोन. मग म्हणाला, "गप्पीदास, मी एका कोपऱ्यातली काच धरून बसलो आणि दुकानभर साध्या काचा उभ्या आहेत."

आणि सरळ फोनपाशी गेला. तिकडे घंटा धड एकदाही पुरी वाजली नाही, इतक्यात उचलला गेला.

"धाकटे, पलटता येतं," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सर बरोबर, मी चूक. आणि ऐक, अर्धा पलटून दुसऱ्याच्या तिरप्या कडेला लावला की चौकोन होतो. न पलटता लावलास तर पतंग होतो. म्हणजे क्षेत्रफळही त्यातूनच निघतं, पायाचं निम्मं गुणिले उंची. लिहून घेतलंस?"

तिकडे हुंदका म्हणावा तर हसू, हसू म्हणावं तर हुंदका.

"दादा, तू चुकलास म्हणालास? पुन्हा म्हण बरं, शेजारणीला बोलावते."

"एकदा म्हटलं तेच पुष्कळ. पण तू फोन का नाही केलास?"

"कुठल्या तोंडानं करू? तुला काय वाट्टेल ते बोलले. वाटलं दादा चिडला असेल. रोज फोनपाशी खुर्ची टाकून बसते, की तू करशील."

त्यानं वर जिन्याकडे बघितलं. मी खोक्यावरच्या खिळ्याकडे बघितलं. काही गोष्टी मलाही बोलता येत नाहीत, विश्वास ठेवा.

परीक्षा झाली. भूमितीच्या पेपरात लंब टाकलेला त्रिकोण आलाच, आणि धाकटीनं म्हणे त्याखाली कसोटी लिहून वर कंसात लिहिलं, पलटून बसतो. त्याचे गुण मिळाले की कापले कुणास ठाऊक, पण बाई पास झाली. निकालाच्या दिवशी काचवाल्यानं रस्त्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला आणि प्रत्येकाला बाबाबा म्हणजे काय ते ऐकायला लावलं. चहा प्यायला लागलेले लोक पळून जाऊ शकत नाहीत, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

आणि मग आला त्यानंतरचा रविवार. मला सकाळपासून धाकधूक. दुकान बंद, आधण ठेवलेलं, काचवाला दाढी करून टेबलाशी. एक साधी काच समोर पडलेली, उगाच तिच्यावर पट्टी ठेवायचा, उचलायचा. फोन वाजला.

"दादा, कसा आहेस?"

"बरा. तू?"

"बरी. जेवलास?"

"हो."

आधण अजून कोमटही नव्हतं. तारेतली ती खरखर तेवढी ऐकू येत होती. मग धाकटीचा तो खणखणीत आवाज अगदी बारीक होऊन आला.

"दादा, भूमिती संपली रे. आता तुला काय विचारू?"

त्यानं फोनची तार ओढून टेबलापर्यंत आणली, फोन काचेच्या कडेला उताणा ठेवला, हिरकणी उचलली. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग फोनवर वाकून म्हणाला,

"काही विचारू नकोस. ठेवू नकोस, एवढंच. एक काच पडलीय टेबलावर, ती कापतो, तू ऐक. आणि मध्ये बोलू नकोस हं धाकटे, रेघ तुटते."